सकाळचे तीस प्रश्न

१

आमच्या घरी सकाळी सात वाजता परीक्षा असते. रुखमा अंगणात सडा टाकून येते, पदराला हात पुसते आणि समोरच्या खोलीत भिंतीला टेकून बसते. मी तिच्यापुढे पाटावर. मध्ये चहाचे दोन कप, माझी वही, पेन आणि मनगटावरून काढून ठेवलेलं घड्याळ. हा नेम २७ ऑक्टोबरला, सोमवारी सुरू झाला.

त्याआधीचं थोडक्यात लिहितो. पोळ्याच्या सुमारास रुखमा एकाच भाजीत दोनदा मीठ टाकू लागली. सप्टेंबरात ती सिंदेवाहीच्या बसस्टँडवर, घरापासून दहा मिनिटांवर, दीड तास बसून राहिली, कारण घर कोणत्या बाजूला ते तिला आठवेना. एका संध्याकाळी तिने विचारलं, दिव्यानी शाळेतून अजून काऊन आली नाई. दिव्यानी आमची मुलगी. ती एकोणतीस वर्षांची आहे आणि नागपूरला नोकरी करते. रुखमाचं वय बावन्न.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले की खरं औषध रोजचा व्यायाम आहे. वार उलटे म्हणायचे. शंभरातून सात वजा करत जायचं. काल काय जेवलो ते आठवायचं. दहा भाज्यांची नावं. केस डाव्या हाताने विंचरायचे. बाजारात चिठ्ठी न घेता जायचं. मी सगळं लिहून घेतलं आणि घरी येऊन त्याचे तीस प्रश्न तयार केले. डॉक्टरांची शेवटची सूचना मी दोनदा अधोरेखित केली आहे: अडली तर उत्तर सांगायचं नाही. दोन मिनिटं लागली तरी थांबायचं. शोधणं हाच व्यायाम.

त्या दिवशी त्यांनीही तिला तीस गुणांची चाचणी दिली. तिला सतरा मिळाले. दवाखान्याबाहेर रसवंतीच्या बाकावर दिव्यानी म्हणाली की पुढची तारीख १२ डिसेंबर आहे, त्या दिवशी वीसच्या खाली आले तर आईला ती नागपूरला घेऊन जाईल. रागाने नाही बोलली. "बाबा, तुमच्याच्यानं नाई होत," एवढंच म्हणाली. तिचं घर दोन खोल्यांचं आहे. मी कुठे राहीन हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

२

अडलेल्या माणसाला शब्द न देता बसणं मला जमत नाही. बावीस वर्षं मी तेच केलं.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं होतात. आज आरमोरी, उद्या साकोली, परवा आणखी कुठे. नागपूरकडून आलेला हिरो दोन दिवसांच्या तालमीवर उभा राहतो आणि त्याला एक पान पाठ नसतं. त्याला चालवतो तो प्रॉम्प्टर, विंगेत मांडी घालून, मांडीवर संहिता घेऊन बसलेला. मी चौथी शिकलो. वाचायला खरा शिकलो तो त्या संहितांवरून, आणि रोजची वही लिहायलाही तिथेच लागलो. १९९३ पासूनच्या बत्तीस वह्या आतल्या खोलीत ट्रंकेत आहेत. ट्रंकेची किल्ली माझ्या करदोड्याला असते. नाटकमंडळ सोडल्यावर मी धान संशोधन केंद्रात रोजंदारीवर लागलो. तिथल्या शेताच्या बांध्यांमध्ये धानाच्या जातींच्या नावाच्या पाट्या रोवलेल्या असतात, त्या मी लिहितो. अक्षर चांगलं आहे म्हणून.

व्यायाम सुरू होऊन आठवडा झाला आणि रुखमाचे गुण चोवीसवर गेले. मला आनंद झाला. एका सकाळी वहाबभाई आले. ते मंडळात लाइट सांभाळायचे, आता त्यांचं मंडप-बिछायतीचं दुकान आहे आणि घर आमच्या शेजारी. ते दारात उभे राहून पाचेक प्रश्न ऐकत होते. मग हसून म्हणाले, "देवाजीभाऊ, परीक्षा तुमचीच होऊन राह्यली का? ओठ तं तुमचेच हलून राह्यले."

मला खरंच कळलं नव्हतं. ती अडली की मी बोलत होतो, आवाज न करता, सवयीने. आठ दिवसांचे गुण मी वहीत खोडले.

दुसऱ्या दिवसापासून प्रश्न पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिले. रुखमा सातवी शिकलेली आहे, वाचते. मी नाकाखाली दुपट्टा बांधून तिच्यासमोर बसायचो आणि एकेक पुठ्ठा वर धरायचो. वहाबभाईंची बायको जरीना हे पाहून म्हणाली की सिंदेवाहीत दरोडेखोर पहिल्यांदाच पाटावर बसून आला. रुखमाही हसली. त्या आठवड्यात तिला चौदा, तेरा, पंधरा, तेरा असे गुण पडले. ते खरे होते.

३

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. अकरावा प्रश्न: परवा संध्याकाळी घरी कोण आलं होतं?

रुखमा अडली. मी घड्याळाकडे पाहिलं. वीस सेकंद, तीस. चाळिसाव्या सेकंदाला तिची मान किंचित डावीकडे वळली, हनुवटी खाली आली. नजर माझ्यावरच होती, पण त्या नजरेत मी नव्हतो. मग ती म्हणाली, "जरीनाबाई आली होती. उसनी साखर नेली. अर्धी वाटी."

उत्तर बरोबर होतं. मला पुठ्ठा खाली ठेवता आला नाही, तो त्या मानेमुळे. हजारो वेळा पाहिलेली मान आहे ती. रंगमंचावर शब्द अडला की नट प्रेक्षकांकडे बघत राहतो आणि फक्त कान विंगेकडे टाकतो. नवखा असला तर डोळेही वळवतो. जुना असला तर मान एवढीच हलते.

रुखमाच्या डावीकडे आतल्या खोलीचं दार आहे. त्याला तिच्या जुन्या साडीचा पडदा. मी उठून आत गेलो. पलंग, धानाची कोठी, ट्रंक, कोपऱ्यातले देव. कोठी आणि ट्रंक यांच्यामध्ये एका माणसाने मांडी घालावी एवढी जागा आहे. ती रिकामी होती.

त्या दिवशी तिला पंचवीस गुण पडले.

मी स्वतःला समजावलं की तिला डाव्या कानाने बरं ऐकू येत असेल, किंवा आठवताना माणसाची मान वळतेच. म्हणून शनिवारी मी जागा बदलली. तिला समोरच्या भिंतीला बसवलं, आतलं दार तिच्या उजवीकडे आलं. नवव्या प्रश्नाला ती अडली, आणि मान उजवीकडे वळली.

आणखी एक गोष्ट मी टिपून ठेवली. तिची उत्तरं तुकड्यांनी येत होती. तीन शब्द, थांबा. तीन शब्द, थांबा. माणूस आठवून बोलतो तेव्हा असं बोलत नाही. घेऊन बोलतो तेव्हा बोलतो.

४

मी पद्धतशीर माणूस आहे. खात्री करायची ठरवली.

रविवारी मी ट्रंक उघडून १९९८ ची वही काढली, एक पान पाहिलं, वही परत ठेवून कुलूप लावलं. सोमवारी तिसाच्या जागी एकतीस पुठ्ठे होते. शेवटचा: ९ फेब्रुवारी १९९८ ला आमचं नाटक कुठे होतं? रुखमा कधी माझ्यासोबत दौऱ्यावर आली नाही. घरी आल्यावर मी नाटकाचं काही सांगत नसे, तिनेही कधी विचारलं नाही. तिने पुठ्ठा वाचला, मान टाकली, आणि म्हणाली, "आरमोरीले होतं. तिथं पडदा फाटला. तुमी सुतळीनं शिवला."

सुतळीचं माझ्या वहीत नव्हतं. पण ते खरं होतं. ती सुतळी आखूड पडली होती आणि मी धोतराचा काठ फाडून जोडला होता, हे तिने म्हटल्यावर मला आठवलं.

मंगळवारी जरीनाला बोलावलं. आतल्या खोलीत बसून तांदूळ निवडून दे, रुखमाचं लक्ष लागत नाही, असं खोटं कारण सांगितलं. ती पलंगावर सूप घेऊन बसली. बाहेर आमचे तीस प्रश्न झाले. रुखमा सहा वेळा अडली, सहाही वेळा मान आतल्या दाराकडे गेली, सहाही उत्तरं बरोबर.

जरीना बाहेर आली तेव्हा तांदूळ अर्धेच निवडलेले होते. मी विचारलं, आत कोणी होतं का. ती चिडली. आत कोन राहील, तुमीच तं मले बसवलं, म्हणाली. मग चपला घालताना थांबली.

"भाऊ, तुमी वही एवढी जोरानं काऊन उलटवता? पानाचा आवाज कानाजवळ येत होता."

माझी वही त्या सकाळी पूर्ण वेळ मिटलेली होती. हातात फक्त पुठ्ठे होते. हे मी तिला सांगितलं नाही. तांदूळ निवडायला ती पुन्हा आली नाही, अंगणातूनच बोलून जाते.

५

आता जे वहीत नाही ते लिहितो.

आम्हाला एक मुलगा होता, निकेश. दिव्यानीहून दोन वर्षांनी लहान. १७ जानेवारी २००१ ला तो तीन वर्षांचा होता आणि त्याला दोन दिवसांपासून ताप होता. मी तळोधीपलीकडच्या एका गावात नाटकाला होतो. रुखमाने आमच्याकडे धान कापायला येणाऱ्या लालसूला सायकलवर पाठवलं. पोर डोळे फिरवून राह्यलं, असाल तसे या, मोठ्या दवाखान्यात नेऊ, एवढा निरोप. तो पंचवीस किलोमीटर सायकल हाणत आला आणि विंगेत माझ्या कानाशी वाकून निरोप सांगितला. पहिला अंक सुरू होता.

मी त्याला म्हणालो, तू हो पुढे, मी निघतोच.

मी निघालो नाही. हिरोला एक वाक्य येत नव्हतं. मी उठलो असतो तर पाच हजार माणसांसमोर नाटक पडलं असतं. हे कारण मी चोवीस वर्षं स्वतःला देत आलो. दुसरंही कारण आहे. त्या मांडीवरच्या संहितेमुळे मी कोणीतरी होतो. घरी मी कोणी नव्हतो, फक्त हंगाम संपल्यावर येणारा माणूस.

उजाडल्यावर नाटक संपलं. मी अकराला पोचलो. निकेश सूर्य उगवायच्या आधीच गेला होता. लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, निरोप मिळालाच नाही, वाटेत सायकल पंक्चर झाली असेल. लालसू परत आला नव्हता. लाजेने की भीतीने, तो तसाच सिरोंचाकडे मिरची तोडायला निघून गेला आणि पुढे तिकडेच राहिला. रुखमाने मला काही विचारलं नाही. लालसूला मात्र त्याच्या माघारी गावातल्या बायका बरंच बोलल्या, त्यात तीही होती.

त्या तारखेला माझ्या वहीत लिहिलं आहे: पहिला अंक ठीक. दुसरा उत्तम. प्रयोग रंगला.

रुखमा विसरू लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या मनात आलं होतं की आता हेही जाईल. तिने मला विसरू नये, घर विसरू नये, आणि हे मात्र विसरावं. मी तीस प्रश्न बनवले तेव्हा असा एकही घेतला नाही की ज्याची वाट त्या दिवसाकडे जाईल. पुठ्ठे पुन्हा तपासून पाहिले. नाहीच.

६

२९ नोव्हेंबर. प्रश्न तेविसावा: थंडीत कोणते सण येतात?

"संक्रांत," ती लगेच म्हणाली. हे तिचं स्वतःचं होतं, मान हलली नव्हती. मी पुढचा पुठ्ठा उचलत होतो. तेवढ्यात मान वळली.

"संक्रांतीनंतर तिसरा दिवस. त्या दिवशी बुधवार."

मी विचारलं नव्हतं. ती थांबली, कान तसाच टाकलेला, पुढचे तीन शब्द यायची वाट बघत. ते आले नसावेत. तिने चहाचा कप उचलला आणि चहा गार झाल्याचं सांगितलं.

त्यानंतर रोज थोडं थोडं येऊ लागलं. कधी भाज्यांची नावं घेता घेता. कधी शंभरातून सात वजा करताना, त्र्याण्णव, शहाऐंशी, आणि मग, "सायकल पंक्चर नव्हती." एकदा, "त्यानं पानी मागतलं." मी पुठ्ठे कमी केले. वीस, मग दहा. तरी ते येतच राहिलं, म्हणून पुन्हा तीस केले. मी उठून पडदा बाजूला करायचो, प्रत्येक वेळी खोली तशीच. फक्त कोठी आणि ट्रंक यांच्यामधल्या जमिनीवर, जिथे कोठीतून गळलेला कोंडा पसरलेला असतो, तिथे एक गोल जागा स्वच्छ असे. मी तिथे मुद्दाम कोंडा टाकला. सकाळी जागा पुन्हा स्वच्छ.

व्यायाम बंद करावा असं रोज वाटे. पण १२ तारीख जवळ होती आणि तिला अठ्ठावीस गुण पडत होते. माझ्याने ते सोडवलं नाही.

७

चाचणीच्या वेळी दिव्यानी आणि मी मागे खुर्च्यांवर बसलो. डॉक्टर समोर. रुखमाच्या डाव्या हाताला फायलींचं लोखंडी कपाट होतं. इथे आतली खोली नाही, पडदा नाही, असं मी स्वतःशी म्हणत होतो, आणि तिला वीस मिळावेत अशी प्रार्थनाही करत होतो. दोन्ही एकदम करता येतं.

ती चौथ्या प्रश्नाला अडली. मान कपाटाकडे वळली. उत्तर बरोबर आलं. दिव्यानीने माझा हात दाबला. बऱ्याच वर्षांनी.

शेवटी डॉक्टरांनी कागद-पेन दिलं आणि कोणतंही एक पूर्ण वाक्य लिहायला सांगितलं. रुखमाने पेन धरलं, थांबली. कपाटाच्या आत कागद उलटल्याचा आवाज झाला. मी डॉक्टरांकडे पाहिलं, त्यांनी ऐकलं नव्हतं. रुखमाने हळूहळू, अक्षर वळवून लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

डॉक्टरांनी मोठ्याने वाचलं. "निरोप आला होता." मग म्हणाले, "उत्तम. कर्ता आहे, क्रियापद आहे, अर्थ आहे. पूर्ण गुण."

एकोणतीस. त्यांनी माझं अभिनंदन केलं. घरच्या माणसाने मनावर घेतलं की असं होतं, म्हणाले. दिव्यानीने बाहेर आल्यावर आईला विचारलं, कोणता निरोप गं. रुखमाने मान थोडी वळवली आणि वाट पाहत उभी राहिली. दिव्यानीने तो विषय सोडला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आईला आता तुमच्याजवळच राहू द्या, मी चुकले बाबा, म्हणाली आणि नागपूरच्या बसमध्ये बसली.

जे मागितलं होतं ते मिळालं.

८

शनिवारी मी पुठ्ठे चुलीत घातले. रुखमाला सांगितलं, झालं आता, पास झालीस, उद्यापासून काही नाही. रविवारी सात वाजता मी घरात थांबलोच नाही. वहाबभाईंच्या दुकानात जाऊन बसलो. ते कनातीच्या घड्या घालत होते. मी दुसरं टोक धरलं.

बराच वेळ धान, थंडी, लग्नांच्या तारखा असं बोलणं चाललं. मग मी विचारलं की तळोधीपलीकडचा तो प्रयोग त्यांना आठवतो का. ते घडी घालत राहिले. म्हणाले, आठवते ना, पहिल्या अंकात एक बल्ब उडाला होता. तो बदलायला ते विंगेच्या वरच्या बांबूवर चढले होते.

"मग तुम्ही पाहिलं," मी म्हणालो.

"पाह्यलं." त्यांनी कनातीची घडी गुडघ्याने दाबली. "तो पोरगा तुमच्या कानाजवळ वाकला अन् रडत होता. मले वाटलं तुमी आता उठता, मंग उठता. मी बल्ब लावून खाली आलो तरी तुमी तिथंच."

"तुम्ही कोणाला बोलला नाहीत."

"तुमचं वाक्य होतं, भाऊ. मी कायले बोलू?" मग ते थोडं हसले, ते हसणं चांगलं नव्हतं. "साऱ्या हिरोइले शब्द पुरवले तुमी. घरी बाईले एक नाई देल्ला."

मी घरी आलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. रुखमा समोरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. पुढे चहाचे दोन कप, दोन्ही भरलेले, दोन्ही गार.

९

१५ डिसेंबर, सोमवार. सात वाजता मी तोंड धुऊन आत आलो तर रुखमा पाटावर बसलेली. माझ्या पाटावर. मला बसायला भिंतीजवळची जागा उरली होती. मी तिथे बसलो. आतलं दार माझ्या डाव्या हाताला आलं.

तिने विचारलं, "आज कोणता वार?"

मी सोमवार म्हणालो. तिने महिना विचारला, काल काय जेवलो ते विचारलं. मी लाखोळीची डाळ आणि भात म्हणालो. तिने पाच भाज्या घ्यायला लावल्या. मी घेतल्या. तिची मान सरळ होती. ती कोणाचंही काही घेत नव्हती. तिचा चेहरा गेल्या चार महिन्यांत इतका स्वच्छ मी पाहिला नव्हता, आणि एक क्षण मला वाटलं, ती बरी झाली.

मग ती म्हणाली, "लालसू तुमाले कवा भेटला जी?"

मला उत्तर पाठ होतं. निरोप मिळालाच नाही. चोवीस वर्षं म्हटलेलं वाक्य, झोपेतून उठवलं तरी आलं असतं. मी तोंड उघडलं आणि ते तिथे नव्हतं. मन भरून आलं म्हणून नाही, लाज वाटली म्हणूनही नाही. ते नुसतं नव्हतं. बसस्टँडवर तिच्यासाठी घर जसं नव्हतं, तसं. मी शोधलं. शोधणं हाच व्यायाम. घड्याळात पन्नास सेकंद झाले.

पान उलटलं.

आणि डावीकडून, कानापासून वीतभर अंतरावर, शब्द आला. तो आवाज पुरुषाचा नव्हता, बाईचाही नव्हता. त्यात राग नव्हता, दया नव्हती, काहीच नव्हतं. नेमका अर्धा श्वास आधी, एवढाच मोठा की मला ऐकू यावा आणि तिला ऐकू जाऊ नये. मी बावीस वर्षं हे काम केलं, इतकं निर्दोष मला कधी जमलं नाही. माझी मान आपोआप वळली होती.

"पहिला अंक होता," मी म्हणालो. "मी निरोप ऐकला. मी गेलो नाही."

तीन शब्द, थांबा. तीन शब्द, थांबा.

रुखमा माझ्याकडे बघत राहिली. आता तिची पाळी होती. ती काय म्हणेल याची मी इतकी वर्षं मनात उजळणी केली होती. शिव्या देईल. निकेशचं नाव घेईल. उठून जाईल. "मले मालूम होतं," म्हणेल. यातलं काहीही चाललं असतं. एक मिनिट झालं. दोन झाली. ती हलली नाही, पापणीही नाही. मला वाटलं ती अडली आहे. आता तिला शब्द मिळेल, आत्ता मिळेल, म्हणून मीच आतल्या दाराकडे कान लावून बसलो. आतून काही येईना. सात मिनिटं झाली तेव्हा माझ्याने राहवलं नाही. मी हातांवर पुढे सरकलो आणि गाल जमिनीला लावून पडद्याच्या खालून पाहिलं. पडद्याची साडी जमिनीपासून वीतभर वर संपते.

कोठी आणि ट्रंक यांच्यामध्ये मांडी घातलेला एक गुडघा होता. त्यावर उघडी वही. वहीवर एक बोट.

आमच्या कामात एक गोष्ट नवख्याला पहिल्या दिवशी शिकवतात. नट विसरला की तुमचं बोट ओळीवर पुढे सरकतं आणि तोंडातून शब्द जातो. पण संहितेतच नटाला गप्प राहायला सांगितलं असेल, तर बोट त्या जागी दाबून धरायचं, चुकून शब्द निघू नये म्हणून, तो शांतता पूर्ण करेपर्यंत. ते बोट कागदावर इतकं दाबलेलं होतं की नख पांढरं झालं होतं. खाली संबंध पान कोरं होतं.

ती अडली नव्हती.

मी परत भिंतीजवळ येऊन बसलो. हे लिहितो आहे तो आज पाचवा दिवस आहे, आणि ते कोरं पान अजून संपलेलं नाही. रुखमा भात वाढला तर जेवते, अंथरूण घातलं तर झोपते. सकाळी सडा टाकते, हात पुसते आणि सातला पाटावर येऊन माझ्याकडे बघत बसते. संध्याकाळी दिव्यानीचा फोन येतो. मी तो थोडा वेळ तिच्या कानाशी धरतो, मग माझ्या कानाला लावतो आणि पोरीला सांगतो की आई बरी आहे, तिला सगळं आठवतं. यातलं दुसरं खरं आहे.